एका दिवसाचं म्हैसूर

बंगळूरहून म्हैसूरला रोज टूरच्या कितीतरी बस सुटतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं. भल्या सकाळी निघायचं, श्रीरंगपट्टण, चामुंडी टेकडी, राजवाडा, जगनमोहन पॅलेस, वृंदावन बाग करायची आणि रात्री उशिरा परत. अशाच एका रविवारच्या बसने दोघं जाऊन आली. एक तासगावच्या शाळेतून निवृत्त झालेली मावशी, दुसरा बंगळूरला नोकरी करणारा तिचा भाचा. मावशी खुशीत परतली, भाचा धुसफुसत. दुसऱ्या दिवशी चहावर जी जुंपली, ती अशी.

भाचा : मावशी, रागावू नकोस, पण काल आपण म्हैसूर बघितलं नाही. म्हैसूर उरकलं.

मावशी : तुला उरकल्यासारखं वाटलं असेल. मला बघितल्यासारखं वाटलं. विचार काय विचारायचं ते.

भाचा : बरं, राजवाड्यातलं काय लक्षात राहिलं?

मावशी : मोर. कल्याणमंडपाच्या छताला रंगीत काचांतले मोर आहेत ते. आणि खालचे ओतीव लोखंडाचे खांब. ते ग्लासगोहून आणले. लोखंडाचेच का आणले, तेही सांगते. आधीचा वाडा लाकडी होता. 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नात आग लागली आणि तो जळून गेला. नवा 1912 मध्ये पुरा झाला, त्यात लाकडावर भिस्त ठेवली नाही. आपल्या गाइडने आगीची गोष्ट बाहेर अंगणातच सांगून टाकली. मग आत नेऊन खांबापाशी उभं केलं आणि विचारलं, "आता सांगा, हे लोखंडाचे का?" बारकी पोरंसुद्धा ओरडली. आधी गोष्ट, मग वस्तू, मग प्रश्न. हे ज्याला जमतं त्याला मी मास्तर म्हणते.

भाचा : मास्तर चांगला होता, मान्य. पण तास फार छोटा. तिथेच भिंतीवर दसऱ्याच्या मिरवणुकीची ओळीने चित्रं आहेत, 1930-40 च्या सुमाराची. हत्ती, घोडेस्वार, बँड, रस्त्याकडेची गर्दी. त्यातले कितीतरी चेहरे त्या काळच्या खऱ्या माणसांचे आहेत. नीट बघायची तर अर्धा तास तिथेच जातो. आपला गाइड म्हणाला, "दसरा पेंटिंग", आणि चालायला लागला.

मावशी : मागची बॅच ढकलत होती त्याला. आणि मी एकाच चित्रापाशी थांबले, पण थांबले. घराच्या गच्चीवर, रस्त्याच्या कडेला माणसं दाटलेली, आणि कुणाची मान हत्तीकडे, तर कुणाची भलतीकडेच. मिरवणुकीत असंच असतं. तेवढ्यावर मला पुरे झालं.

भाचा : आणि तुला न सांगितलेलं सांगू? राजा चामराजेंद्र वाडियार 1894 मध्ये गेले. मुलगा कृष्णराज तेव्हा दहा वर्षांचा. 1902 पर्यंत कारभार बघितला तो विधवा महाराणीने, वाणी विलास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंपनंजम्मण्णींनी. वाडा जळला तो त्यांच्या काळात, आणि नवा बांधायला हेन्री आयर्विन या वास्तुकाराला नेमलं तेही त्यांनीच. आयर्विनने त्याआधी सिमल्याला व्हाइसरॉयचं निवासस्थान बांधलं होतं. गाइडच्या तोंडी सारखा महाराजा, महाराजा. पण नवरा गेलाय, मुलगा लहान आहे, घर जळालंय, अशा वेळी ज्या बाईने एवढं काम काढलं, तिचं नाव नाही.

मावशी : हे मात्र त्याने सांगायला हवं होतं. बसमध्ये निम्म्या बायका होत्या.

भाचा : त्याच्याकडे सगळं किलोत आणि लाखांत. अंबारी 750 किलोची, तिच्यावर सोनं 80 किलो, वाड्याचा खर्च 41 लाखांच्या वर. आकडा सांगितला की लोक "बापरे" म्हणतात, की झालं काम.

मावशी : अरे, आकडा ही खुंटी असते, तिला पुढचं सगळं अडकवता येतं. 80 किलो सोनं म्हटल्यावरच माणसं गप्प झाली ना? मग त्याने सांगितलं की आधी त्या अंबारीत राजा बसायचा आणि आता विजयादशमीला चामुंडेश्वरीची मूर्ती बसवतात. राजेपण गेलं, हत्ती राहिला, अंबारी राहिली, तर जागेवर देवीला बसवलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आणि ती लोकांनी ऐकली ती सोन्यामुळे.

भाचा : ठीक. मग श्रीरंगपट्टण घे. तिथे तर मला फारच लागलं.

मावशी : दर्या दौलत मला आवडला. टिपूचा उन्हाळी महाल, 1784 चा. बाहेरून बैठा, साधा, आणि आत गेलं की भिंतीचा एक इंचही कोरा नाही. उन्हापासून चित्रं जपायला हिरवे पडदे सोडलेत, त्यामुळे आत हिरवा अंधार. डोळे सरावले की पोल्लिलूरची लढाई दिसायला लागते. मध्ये लाल डगल्यातल्या इंग्रजांचा चौकोन, त्यांच्या दारूगोळ्याचा गाडा उडालेला, आणि त्यांचा कर्नल बेली पालखीत बसलेला.

भाचा : 1780 ची लढाई. इंग्रजांचा तो मोठाच पराभव होता. आणि टिपू पडल्यावर, 1799 नंतर, त्याच महालात राहायला कोण आलं, माहितीये? आर्थर वेलस्ली. ज्याने चारच वर्षांनी, 1803 मध्ये, आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांना हरवलं, आणि पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लू जिंकली. तोच हा. गाइड एक वाक्य बोलला असता, तर ती भिंत तुझ्या गावापर्यंत येऊन पोचली असती.

मावशी : माझ्या गावापर्यंत ती मीच आणली. रंगनाथस्वामींच्या देवळापुढे उभी राहिले, मान वर केली आणि तासगाव आठवलं. आमच्या गणपतीचं गोपुर सात मजली. देशावर असलं गोपुर कुठे असतं का? परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेच्या स्वाऱ्यांत अशी देवळं बघितली आणि गावी आल्यावर बांधलं. लहानपणापासून त्याच्या सावलीतून गेलोय आम्ही. पण ज्या तऱ्हेच्या गोपुरांवरून ते आलं, ती काल डोळ्यांनी पाहिली. हे कुठला गाइड मला सांगणार होता? पण तिथे नेऊन उभं कुणी केलं? त्यानेच.

भाचा : तू आपणहून परशुरामभाऊंचं नाव काढलंस म्हणून बोलतो. ज्या युद्धात 1792 मध्ये कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणला वेढा घातला, त्या युद्धात त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ होते. म्हणजे मराठे इंग्रजांच्या बाजूने. त्याच्या आदल्या वर्षी परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांना मठ पुन्हा उभा करायला मदत पाठवली ती टिपूने. त्याची पत्रं 1916 मध्ये मठात सापडली. यातलं एक अक्षर काल बसमध्ये निघालं नाही. आपल्याला काय मिळालं? "टायगर ऑफ मैसूर", टिपू पडला ती जागा, पुढे चला.

मावशी : माइकवरून सांगायची गोष्ट आहे का ती? आपली बस आठव. पुढे सोलापूरचे, मागे हैदराबादचे, मध्ये ते लखनौचं कुटुंब. टिपूचं नाव काढलं की आजही दोन बाजू पडतात. जेवायच्या आत भांडण लागलं असतं. त्या पोराला पन्नास अनोळखी माणसं रात्रीपर्यंत एकत्र ठेवायची होती.

भाचा : माझं म्हणणं तेच आहे! सगळ्यांना चालेल असाच इतिहास बसमध्ये सांगता येतो. जिथे टोचतं तिथे गाइड घड्याळ बघतो.

मावशी : मग टोचणारं घरी येऊन वाच. सहल काही ग्रंथालय नाही. पण दर्या दौलत बघितला नसता, तर आज सकाळी हे पेंढाऱ्यांचं तू मला सांगितलं असतंस का? आणि मी ऐकलं असतं का?

भाचा : अच्छा, आणि ते दुकान? राजवाड्याला मिळाला तासाभराच्या आत वेळ, आणि रेशमाच्या दुकानात जवळजवळ तेवढाच. राजाच्या वस्तूंपुढे "जल्दी", साड्यांपुढे "आराम से देखिए".

मावशी : दुकानाचं मीही समर्थन करत नाही. पण मला काही कुणी फसवलं नाही. पहिली साडी पुढे आली तशी मी पदर उलटा केला. जर मागून बघायची असते, पुढून सगळ्याच चमकतात. मग बोटांत चुरून सोडली. खऱ्या म्हैसूर क्रेपला अंगचं वजन असतं, पडताना ती झुळझुळत खाली येते. ही कडक, कागदासारखी. घडी घालून परत दिली.

भाचा : आणि खरी गिरणी त्याच गावात आहे. महाराजांनी 1912 मध्ये काढलेली, आता सरकारी महामंडळाची. तिथल्या प्रत्येक साडीवर तिचा नंबर भरलेला असतो. टूरची बस तिकडे वळत नाही.

मावशी : कारण सरकारी गिरणी बसवाल्याला कमिशन देत नसणार. आपलं तिकीट एवढं स्वस्त कसं, याचा विचार केलास का? उरलेले पैसे त्या दुकानातून निघतात. ज्याला दुकान नको, त्याने तिकिटाला जास्त मोजायची तयारी ठेवावी. फुकटचं कुणीच फिरवत नाही.

भाचा : हे पटलं. पण जगनमोहन पॅलेसमध्ये जे झालं ते? दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रापुढे उभं करून गाइड म्हणाला, "राजा रविवर्मा." ते हळदणकरांचं आहे!

मावशी : सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे. जलरंगातलं काम, 1945-46 च्या आसपासचं. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. ज्योत हाताने झाकलेली, आणि उजेड बोटांच्या कडांतून लाल होऊन बाहेर आलेला. तैलरंगात असा उजेड पुन्हा पुन्हा गिरवून आणता येतो. पाण्याच्या रंगात एकदा कागद मळला की मळला. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी शाळेत त्याची छापील प्रत लावली होती.

भाचा : म्हणजे त्याचं चुकलं हे तुला तिथेच कळलं होतं.

मावशी : कळलं आणि बोललेही. बाजूला घेऊन म्हटलं, बाळा, त्या दालनात रविवर्म्याचीही चित्रं आहेत म्हणून लोकांचा घोटाळा होतो, पण हे आमच्या हळदणकरांचं. त्याने काय केलं? बसमध्ये माइक माझ्या हातात दिला. "मॅडम बतायेंगी." सांगितलं मी, मोडक्या हिंदीत. आणि त्याने ते नाव वहीत लिहून घेतलं. उद्यापासून रोज एक बसभर माणसं हळदणकर हे नाव ऐकतील. तू एकटा फिरला असतास तर तुला बरोबर माहिती मिळाली असती, आणि ती तुझ्यापाशीच राहिली असती.

भाचा : तू फार आशावादी आहेस.

मावशी : मी मास्तरीण आहे. आणि आणखी एक सांगते. सहलीला पोरं मीही नेली आहेत. रायगड, पन्हाळा, विजापूर. दर थांब्याला डोकी मोजायची, कुणाला उलटी होते, कुणाची चप्पल हरवते, कुणी बुरुजावर चढून बसतं. गोलघुमटात माझ्या कानाशी प्रतिध्वनी आला तेव्हा मी बत्तीस की तेहतीस एवढंच बघत होते. काल पहिल्यांदा माझं डोकं दुसरं कुणी मोजत होतं. तू म्हणतोस, आपण कुणाच्या तरी हुकमाने फिरलो. मला तर वाटलं, आज सुटी आहे.

भाचा : हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मावशी : आणि राजवाड्याचं म्हणशील, तर घाईघाईत बघणारी गर्दी त्याला नवी नाही. तो सार्वजनिक दरबार आठव. एवढी मोठी वास्तू, आणि एका बाजूने सरळ मैदानाकडे उघडी. आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून नव्हे रे. खाली मैदानात उभ्या असलेल्या हजारोंना राजा दिसावा म्हणून. सिंहासन दसऱ्यापुरतं मांडायचं, मिरवणूक त्याच्यासमोरून जायची, माणसांनी माना उंचावून बघायचं, मागच्याने ढकललं की पुढे सरकायचं. वाडा बांधलाच मुळी दाखवायला. काल आपण जिथे उभे होतो, तिथे रयत उभी राहायची.

भाचा : म्हणजे छत्री उंच धरून पुढे चालणारा आपला गाइड हा आताचा चोपदार!

मावशी : म्हण हवं तर. पण चोपदाराशिवाय दरबार भरत नाही.

भाचा : थांब, तू माझ्याच बाजूचं बोललीस. वाडा दाखवायला बांधला, पटलं. पण शहर काही दाखवायला बांधलेलं नाही, ते राहायला बांधलंय. मुंबईत 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, म्हैसूरने पाठोपाठ 1903 मध्ये आपला काढला. ते रुंद रस्ते, ते मोठे चौक त्यातून आले. राजवाड्यापासून चालत जाता येईल असं देवराज मार्केट आहे. एका गल्लीत नुसती फुलं, मोगरा हातावर मोजून विकतात. एका गल्लीत केळी, पुढे विड्याची पानं, मग हळदीकुंकवाचे ढीग. आणि ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट! 1905 मध्ये तिथे शामशास्त्रींच्या हाती ताडपत्रांची एक पोथी आली. ते कौटिल्याचं अर्थशास्त्र निघालं, 1909 मध्ये छापलं. शेकडो वर्षं लोक ज्या ग्रंथाचं नुसतं नाव ऐकत होते, तो म्हैसुरात सापडला. किती टूरवाले बस तिथे थांबवतात?

मावशी : एकही नाही. आणि थांबवू नये.

भाचा : का?

मावशी : पन्नास माणसं चप्पल काढून पोथीभोवती गोळा झाली, तर पोथीचं काय होईल? आणि मार्केटात पन्नास जणांची रांग घुसली, तर फुलवाल्याने धंदा कधी करायचा? वाड्याला गर्दी सोसते, कारण तो गर्दीसाठीच आहे. मार्केटाला गिऱ्हाईक सोसतं, प्रेक्षक सोसत नाहीत. तिथे तू एकट्याने जावंस. माझा वाद एवढाच आहे, की दोन वेगळ्या गोष्टींना तू एकच माप लावतोस.

भाचा : मग आपलं भांडण मिटलं की. वाडा गाइडबरोबर, शहर आपल्या पायांनी.

मावशी : एवढ्यात नाही मिटलं. बंगळूरला येऊन तुला इतकी वर्षं झाली. ते मार्केट, ती इन्स्टिट्यूट बघायला म्हणून तू कितीदा गेलास?

भाचा : मार्केटला एकदा गेलो होतो, ऑफिसच्या कामातून वेळ काढून. इन्स्टिट्यूटचं... वाचलंय. जायचंय. नीट दोन-तीन दिवस काढून.

मावशी : बघ. तुझी सहल उत्तम आहे, फक्त ती निघत नाही. ही बस रोज सकाळी निघते.

भाचा : पण निघते ती भलत्या वेळापत्रकाने! काल रविवार होता. रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे लागतात. ते लागले तेव्हा आपण कुठे होतो? वृंदावन बागेत, कारंजी नाचताना बघत. आठवड्यात एकदा होणारी गोष्ट सोडून रोज होणारी बघितली.

मावशी : ते दिवे चुकले याचं मलाही वाईट वाटलं. पण वृंदावन बाग हिंदी सिनेमातल्या गाण्यांत बघून बघून आम्ही म्हातारे झालो, ती बघायचीच होती. आणि बागेमागचं धरण विश्वेश्वरय्यांचं ना? ते शिकले पुण्याला, नोकरी मुंबई इलाख्यात. पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी आधी खडकवासल्याला बसवले, 1903 मध्ये, आणि मग इथे कावेरीवर. तुला कारंजी दिसली. मी त्यांच्यामागची भिंत बघत होते.

भाचा : बरं, मग असं करू. पुन्हा जाऊ, पण आपल्या आखणीने. रविवारी रेल्वेने. राजवाडा साडेपाचला बंद होतो, म्हणून दुपारीच आत. तिथे दारात तासाचा गाइड घ्यायचा, आणि त्याला आधीच सांगायचं, की दसऱ्याच्या चित्रांपाशी आम्ही रेंगाळणार आणि महाराणीबद्दल विचारणार. सातला मैदानातून दिवे. रात्री मुक्काम. सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत मार्केट, मग इन्स्टिट्यूट. तिथे आत जाता येतं का ते आधी फोन करून विचारतो. साडी घ्यायची असली तर गिरणीच्या दुकानात. वृंदावन नाही.

मावशी : चालेल. त्यात जगनमोहन घाल. हळदणकरांपुढे मला कुणी घाई न करता बसायचंय. चामुंडीच्या पायऱ्या मात्र नकोत, माझे गुडघे त्या लायकीचे नाहीत. कधी निघायचं?

भाचा : दसऱ्याची गर्दी ओसरली की बघू.

मावशी : "बघू" नाही. ज्या सहलीला तारीख नाही, ती मी सहलीत धरत नाही. मोबाइल काढ, तिकीट आत्ता काढ. जमत नसेल तर तसं सांग, मी त्याच बसचा नंबर लावते. त्या पोराला हळदणकर नीट पाठ झाले का, तेही बघायचंय मला.